फिल्म की डिजिटल?

जुना फिल्म कॅमेरा वापरत राहावे की डिजिटल घ्यावा, हा हौशी छायाचित्रकारापुढचा प्रश्न प्रामुख्याने खर्चाचा आणि जतनाचा आहे. ३५ मिमीच्या एका रोलवर साधारणतः ३६ छायाचित्रे निघतात आणि फसलेल्या छायाचित्रासाठीही रोल व धुलाईचा खर्च होतोच. डिजिटलमध्ये सुरुवातीची गुंतवणूक मोठी. पण चूक तत्काळ दिसते, त्यामुळे शिकणाऱ्यास ते सोयीचे ठरते.

रंगीत निगेटिव्ह जादा प्रकाश बऱ्यापैकी सोसते. डिजिटलमध्ये मात्र पांढराफटक पडलेल्या भागातील तपशील परत मिळत नाही.

जुनी भिंगे मोडीत काढण्याची घाई करू नये. निकॉनची १९७७ पासूनची 'एआय' भिंगे त्या कंपनीच्या बहुतेक डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांवर बसतात. मात्र 'एपीएस-सी' आकाराच्या संवेदकावर ५० मिमीचे भिंग ७५ मिमीइतकेच क्षेत्र टिपते.

दमट हवेत निगेटिव्हला बुरशी लागते, तर हार्ड डिस्क पूर्वसूचनेविना बंद पडते. म्हणून निगेटिव्ह कोरड्या जागी, तर डिजिटल छायाचित्रांच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ज्याला ही शिस्त पाळता येईल, ते माध्यम त्याने निवडावे.