सुईची खूण

मादन हिप्परग्यात काय किंवा आळंद तालुक्यातील कोणत्याही जुन्या मराठी घरात काय, आमच्या लहानपणी आजीच्या कपाळावर व मनगटावर हिरवट गोंदण हमखास दिसे. गोंदणारी बाई दारात आली की सुया, काजळी आणि रडणाऱ्या पोरी असा सारा थाट ओसरीवर मांडला जाई. मरताना बाईने बरोबर न्यायचा एकच दागिना तो गोंदणाचा, अशी समजूत होती. सुईची ही खूण जन्मभर पुसली जाऊ नये, हीच अपेक्षा.

दुसरी खूण दंडावरची. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातील हे पहिले यशस्वी देवीचे लसीकरण. पुढे दीडशे वर्षांनीही टोचणारा गावात आला की पोरे कणगीमागे दडत. परंतु चेहऱ्यावर देवीचे वण राहिलेल्या मुलीचे लग्न जमवताना बापाची जी दैना होई ती पाहिलेल्या आया आम्हांस ओढून बाहेर काढीत. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण आढळला.

वण गेले, रंगाचा प्रश्न राहिला. पंढरीच्या सावळ्या विठोबाची वारी न चुकवणारी माणसे सून पाहताना मात्र उजळ रंग मागत. आमच्याच घरातील एका मुलीचे स्थळ रंगावरून तीनदा फिरले. चौथ्या वेळी तिच्या तोंडाला पावडरीचा असा थर होता की ती आम्हांस ओळखू येईना. मुंबईच्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ १९१९ पासूनचा. ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द तेव्हापासून घरोघरी रुळत गेला. आणि देवी हटली त्याच १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ विक्रीस आणले. २०२० मध्ये त्याच्या नावातील ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घालण्यात आला. स्थळ पाहणाऱ्यांच्या यादीतील शब्द काही तेवढ्याने बदलला नाही.

या सर्व मलमांची अडचण एकच. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कागदाहूनही पातळ, तरी बाहेरचे फारसे काही आत शिरू देत नाही. म्हणून संशोधक पुन्हा सुईकडेच वळले. १९९८ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथील जॉर्जिया टेक संस्थेतील संशोधकांनी सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म सुयांनी त्वचेतून औषध नेता येते, हे प्रयोगाने दाखविले. पुढची कल्पना अधिक विलक्षण: सुई औषधाचीच करावयाची! हायलुरोनिक आम्लासारख्या, शरीरात मुळातच असणाऱ्या पदार्थाच्या, एक मिलिमीटरहून आखूड शेकडो सुया एका पट्टीवर असतात. पट्टी दाबून बसविली की त्या त्वचेतील ओलाव्याने विरघळतात व आपल्यातील क जीवनसत्त्व, नायसिनामाइड वगैरे द्रव्ये तेथेच सोडतात. २००८ च्या सुमारास जपानमध्ये अशा पट्ट्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसाठी विकल्या जाऊ लागल्या. सुरकुती काहीशी मऊ होते, डाग काहीसा फिकट होतो; जन्माचा रंग बदलत नाही. इतक्या चिमुकल्या सुयांत मावणारे द्रव्यही चिमूटभराहून कितीतरी कमीच.

आम्हांस यात खरे मोल दिसते ते निराळे. सौंदर्याच्या बाजारात रुळलेली हीच युक्ती लसीसाठीही वापरता येते. २०१७ मध्ये फ्लूच्या अशा पट्टीची माणसांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशातून गोवर-रुबेलाच्या सूक्ष्मसुयांच्या पट्टीचे निष्कर्ष आले: नऊ-दहा महिन्यांच्या बालकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बालकांत गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली. सिरिंज नाही, मोठी सुई नाही. मोठ्या चाचण्या अजून व्हावयाच्या आहेत. त्या पार पडल्या तर आमच्या सीमेवरच्या वाड्यांतील पोरांना कणगीमागे दडण्याचे कारण उरणार नाही, आणि दंडावर दाखवायला खूणही राहणार नाही.