गडकरी : एका चाकरीचा शेवट

'गडकरी' हा शब्द उच्चारला की मराठीच्या अध्यापकांना प्रथम 'एकच प्याला' आठवतो. आडनाव होण्यापूर्वी हा शब्द एका पेशाचा होता, आणि त्या पेशाचा अंत कोल्हापूर संस्थानात १८४४ साली रक्तपाताने झाला, हे आम्ही वर्गात क्वचितच सांगतो. इतिहासाच्या पुस्तकांत 'गडकऱ्यांचे बंड' म्हणून त्याला एखादा परिच्छेद मिळतो. त्या परिच्छेदामागे जे घर उभे होते, त्याविषयी येथे थोडे लिहावे असे वाटले.

गडाची व्यवस्था मराठी वाचकास परिचित आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे एकमेकांवर नजर ठेवणारे तीन अधिकारी, कोठाराला कारखानीस, तटाला तटसरनोबत. सभासदाच्या बखरीत हा सारा तपशील येतो. परंतु गड टिकत असे तो या अधिकाऱ्यांच्या खालच्या माणसांवर. ही शिबंदी म्हणजे मोहिमेपुरती गोळा केलेली फौज नव्हे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात तिचे वर्णन केले आहे. ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार, मांग अशा अनेक जातींचे लोक मिळून गडकरी होत. गडाच्या परिसरातील सारामाफीच्या जमिनी त्यांच्याकडे असत, आणि जमीन व गडाची राखण ही दोन्ही बापाकडून मुलाकडे जात. रामोशी आणि महार यांच्याकडे बाहेरच्या चौक्या होत्या. वाटा राखणे, बातमी आणणे, परक्याला चुकीची वाट दाखवणे ही त्यांची कामे. हे लोक गडाला आई म्हणत, कारण ती पोसते, असेही डफ नोंदवतो.

हे आईपण आम्हांस अलंकारिक वाटत नाही. ज्या घराची जमीन चाकरीची आहे, त्या घराचा संसार कसा चालत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. घरातला एक हात तटावर, उरलेले हात नांगरावर. मुलगा जन्मला म्हणजे शेताला वारस मिळाला, आणि पहाऱ्यालाही. कर्ता पुरुष पहाऱ्यावर असताना पेरणी कोणी केली, गुरे कोणी सांभाळली, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. ती करणाऱ्या बायका या व्यवस्थेच्या अर्ध्या भागीदार होत्या. अफझलखानाच्या प्रसंगानंतर कामी आलेल्यांच्या पुत्रांना चालवावे, आणि पुत्र नसतील त्यांच्या बायकांना अर्धे वेतन द्यावे, असा उल्लेख सभासद करतो. म्हणजे चाकरी एका माणसाची नसून घराची आहे, हे राज्यालाही मान्य होते.

येथेच एक पेच आहे. शिवकालीन धोरणाचा भर रोख वेतनावर होता. जमीन तोडून दिली की माणूस राज्याचा न राहता जमिनीचा होतो, ही भीती त्यामागे होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो सावधपणा दिसतो तोही याच जातीचा. गडकऱ्याची जमीन मग काय होती? आजच्या पहाऱ्याचे वेतन, की पूर्वजांनी सांडलेल्या रक्ताचा मोबदला? जोवर शत्रू दारात होता तोवर हा प्रश्न विचारण्याची गरज पडली नाही, कारण दोन्ही उत्तरे एकाच माणसात एकत्र नांदत होती.

१८४४ साली तो विचारला गेला. कोल्हापूरचे राजे अल्पवयीन होते, आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले होते. त्यांनी कारभाराची नवी घडी बसवताना गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या अधिकाऱ्यांकडून काढून मामलतदाराच्या देखरेखीखाली दिल्या. कागदावर हा केवळ दप्तराचा फेरफार होता. गडकऱ्याला त्यात आपली भाकर जाताना दिसली. जमीन गडापासून सुटली, म्हणजे उद्या तिच्यावर सारा बसणार, परवा ती जाणार. सामानगडाने दरवाजे लावून घेतले. भुदरगडाने त्याचा कित्ता गिरवला. बेळगावहून सैन्य आले, तरी ऑक्टोबरपर्यंत सामानगड पडला नाही. दरम्यान कोल्हापुरात खुद्द दाजी पंडितांना अटकेत ठेवण्यात आले, आणि कर्नल ओव्हान्स पन्हाळ्याच्या गडकऱ्यांच्या हाती सापडला. शेजारच्या सावंतवाडीत मनोहर आणि मनसंतोष हे गडही उठले. १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा पडला आणि कोल्हापुरातला लढा संपला.

पुढे संस्थानातील गडांची तटबंदी पाडण्यात आली, वंशपरंपरागत शिबंदीची पद्धत बंद झाली, संस्थानची फौज मोडून तिच्या जागी नवे स्थानिक दळ उभारले गेले. बंड मोडण्याचा खर्चही संस्थानाच्याच माथी बसला.

या लढ्याला १८५७ ची पूर्वपीठिका म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तो आवरावासा वाटतो. त्यात स्वातंत्र्याची भावना नव्हतीच असे नाही, परंतु तिचे मूळ शेताच्या बांधात होते, आणि त्यामुळे ती उणी ठरत नाही. त्याचबरोबर दाजी पंडितांना केवळ खलनायक ठरवणेही सोपे आहे. तोफांच्या काळात डोंगरी गडाची राखण जुनी झाली होती, आणि ज्या चाकरीचे प्रयोजन सरले तिच्या जमिनीचा हिशेब केव्हातरी होणारच होता. चूक हिशेब मागण्यात नव्हती. ज्याला कारभाऱ्याने खाते मानले त्याला समोरचा माणूस आई म्हणत होता, आणि हे कोणी त्याला विचारले नाही, ही ती चूक.

आज सामानगडावर सहली जातात. आम्ही विद्यार्थ्यांना बुरूज दाखवतो, विहिरी दाखवतो. पुढच्या खेपेस तटावर उभे राहून खालची शेतेही दाखवावीत, असे आम्ही ठरवले आहे. गडाचा इतिहास जितका वर आहे, तितकाच तो खालीही आहे.