बाप्तिस्म्यानंतर काय? : दोन भाऊ आणि जालन्याजवळचे बेथेल

१/ धर्मांतराचा इतिहास वाचताना आपण बहुधा बाप्तिस्म्याच्या दिवशी थांबतो. प्रवेश झाला, खळबळ माजली, प्रकरण संपले! वस्तुतः खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो : स्वीकारलेल्या श्रद्धेवर माणूस टिकतो कसा? या धाग्यात त्या प्रश्नाचा मागोवा घेऊ.

२/ साल १८४३, मुंबई. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षे, हाही मिशनच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अज्ञान असल्याने न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले.

३/ पण घरी परतणे म्हणजे जातीत परतणे नव्हे. श्रीपत मिशनऱ्याच्या घरी जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे, ही बाजू 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी उचलून धरली. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. मुंबईच्या ब्राह्मण समाजात उभी फूट पडली. पुढे जाणे अवघड होतेच. मागे फिरण्याचा मार्गही काट्यांचाच होता.

४/ येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. त्याच १८४३ मध्ये स्कॉटलंडची राष्ट्रीय चर्च फुटून फ्री चर्च जन्मास आली आणि नेस्बिट तिच्यात गेले. हा पंथ १६४७ साली स्कॉटिश चर्चने स्वीकारलेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा मानत असे. त्याच्या सतराव्या प्रकरणाचा आशय असा : ज्यांना देवाने खरोखर तारले, ते अधूनमधून अडखळतील, पण अखेरपर्यंत टिकतील, कारण त्यांना धरून ठेवणारा देव आहे.

५/ सिद्धान्त आश्वासक खरा. पण दख्खनच्या गावगाड्यात त्याची परीक्षा निराळीच होती. नारायणराव १८५४ मध्ये दीक्षित पाळक झाले आणि १८६० च्या दशकात मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, जालन्यास कार्य करू लागले. त्यांच्याकडे आलेल्यांत महार व मांग कुटुंबे पुष्कळ होती.

६/ या कुटुंबांचे पोट बलुत्यावर चाले आणि बलुते गावाच्या चालीरीतींशी जखडलेले. देवीच्या जत्रेत हलगी वाजवणे हे सेवेचे कामही होते आणि धर्मकृत्यही. ते नाकारले तर खळ्यावरचा वाटा धोक्यात येई. ब्रिटिश हद्दीत १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला होता. पण तो कायदा मोगलाईत चालत नसे. शिवाय ज्याला जमीनच नाही, त्यास वारसाहक्क काय कामाचा?

७/ नारायणरावांनी यावर उत्तर शोधले ते जमिनीचे. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि गाव वसवले : बेथेल. हिब्रू भाषेत याचा अर्थ 'देवाचे घर'. मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण कुळातल्या पाळकाने, अस्पृश्य मानलेल्यांसाठी वसवलेले हे ख्रिस्ती गाव! १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही ते उपस्थित होते.

८/ या प्रयोगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निराळे गाव आश्रय देते, तसेच अलगही करते. जमीन, शाळा आणि उपासना एकाच हाती एकवटली, की श्रद्धा कोठे संपते व अवलंबित्व कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. मिशनविरोधकांनी 'पोटासाठी ख्रिस्ती' असा टोमणा मारला तो येथेच. मला तो अन्यायाचा वाटतो. उपाशी माणसाची श्रद्धा खोटी आणि पोट भरलेल्याचीच खरी, असा नियम आपण अन्य कोणत्या धर्मास लावतो?

९/ टिकून राहणे ही केवळ अंतःकरणाची गोष्ट नव्हे, एवढे या प्रकरणावरून दिसते. त्यास विहीर लागते, शेत लागते, लेकीसाठी स्थळ लागते, पुरण्यासाठी भूमी लागते. सिद्धान्त म्हणतो, देव धरून ठेवतो. बेथेल सांगते, माणसांनीही एकमेकांना धरून ठेवावे लागते. श्रीपतला ठेवून घ्यावे की नाही यावर मुंबईत वाद पेटला. बेथेलच्या कुटुंबांना निदान राहण्यास गाव मिळाले.

१०/ जालना १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होते. शहरापासून अंतर सुमारे ६० किलोमीटर. वेरूळ-अजिंठ्यास आपण पुनःपुन्हा जातो. पुढल्या खेपेस एखादी वाट जालन्याकडेही वळवावी. धागा संपला, आपल्या गावच्या जुन्या चर्चविषयी काही ठाऊक असल्यास अवश्य लिहावे.