एका शिक्षकाचे पत्र

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मार्विन पिकरिंग हे शाळामास्तर होते. १९६४ साली तेथील निर्वाचित शाळामंडळाची करवाढ मतदारांनी दोनदा फेटाळली. त्यानंतर पिकरिंग यांनी गावच्या वर्तमानपत्रास पत्र लिहिले: मंडळ शिक्षणापेक्षा खेळांवर पैसा उधळते, आणि विरोध करणाऱ्या शिक्षकांना दटावले जाते. मंडळाने त्यांना बडतर्फ केले.

पत्रातले काही आकडे चुकले होते, हे खरे. तरीही १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पिकरिंग यांच्या बाजूने कौल दिला. न्या. थर्गुड मार्शल यांचे म्हणणे असे की, शाळेचा पैसा कसा खर्चावा याविषयी जाणते मत शिक्षकापाशीच असण्याचा संभव अधिक. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटे लिहिल्याचे सिद्ध झाल्यावाचून अशा पत्रापायी नोकरी घेता येत नाही.

ज्याचे मीठ खावे त्याला नावे ठेवू नयेत, असे मंडळवाले सर्वत्र म्हणतात. पण ते मीठ येते करदात्याच्या खिशातून!

पुढे २००६ साली त्याच न्यायालयाने ठरविले की, नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या टिपणास हे संरक्षण नाही. म्हणजे नागरिक या नात्याने वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यास आधार आहे. तीच गोष्ट इमानाने वरिष्ठाच्या टेबलावर ठेवणाऱ्यास नाही.