अर्धी सभा बाहेर ठेवून

देव हा मानण्याचा विषय आहे, सिद्ध करण्याचा नव्हे, हे आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की त्याला कुणी पुरावा मागत नाही. भाविकाला त्यात सवलत दिसते, बुद्धिवाद्याला कबुलीजबाब. त्याच्याच जोडीला दुसरे विधान येते: देवाच्या अस्तित्वाचे पुरावे मांडत बसणे हा ॲन्सेल्म, अक्वायनस अशा ख्रिस्ती पंडितांचा उद्योग, आपण या उठाठेवीत पडलो नाही, आपण अनुभूतीवर विसंबलो.

या मताच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, ते आधी बोलू. आत्मज्ञान तर्काने हाती लागत नाही, असे कठोपनिषद सांगते. तर्काला ठाव नाही, असे ब्रह्मसूत्रात आहे, आणि एका तार्किकाने उभारलेले दुसरा मोडतो, हे शंकराचार्य तिथे बजावून सांगतात. पण तेवढ्यावरून आपली परंपरा म्हणजे वेदान्त आणि भक्ती एवढेच ठरवणे म्हणजे अर्धी सभा बाहेर ठेवून ठराव मंजूर करून घेणे.

बाहेर राहिलेल्यांतला पहिला मान उदयनाचार्यांचा. मिथिलेचे हे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, साधारण हजार वर्षांपूर्वीचे. त्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा पाच स्तबकांचा, म्हणजे प्रकरणांचा, ग्रंथ ईश्वरसिद्धीला वाहिलेला आहे. प्रतिपक्षाचे पाच आक्षेप, प्रत्येकाला एक स्तबक. आणि शेवटच्या स्तबकात ईश्वराच्या बाजूने नऊ हेतू, म्हणजे अनुमानाची कारणे. पुरीच्या देवळाची दारे बंद दिसली तेव्हा, बौद्ध चालून आले की तुझे अस्तित्व माझ्याच हाती आहे, असे त्यांनी जगन्नाथालाच सुनावले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती ज्या माणसाभोवती जमली त्याचा पिंड सांगते.

नऊ हेतूंतला मुख्य असा: जमीन, अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या उत्पन्न झालेल्या आहेत, जसा घट. हा कर्ता म्हणजे हातपाय असलेला कारागीर नव्हे. ज्याला उपादानाचे, म्हणजे वस्तू ज्यातून घडते त्या द्रव्याचे, साक्षात ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि तसा प्रयत्न आहे, तो कर्ता. आता प्रतिपक्षी म्हणतो, रानातले गवत पाहा, ते कुणी पेरले? ते कर्त्याविना उगवलेले दिसते, तेव्हा तुमचा नियम मोडला. नैयायिकाचे उत्तर चपखल आहे: गवताला कर्ता आहे की नाही हाच तर वाद आहे. ज्याचा निकाल लागायचा आहे तेच उदाहरण म्हणून पुढे करता येणार नाही. वकिली वाटेल, पण नियम म्हणून तो बरोबर आहे.

नऊंतला संख्येचा हेतू तर विलक्षणच. न्याय-वैशेषिकांच्या मते दोन परमाणूंपासून द्व्यणुक होते, आणि त्याचे परिमाण परमाणूंच्या परिमाणातून येत नाही, त्यांच्या ‘दोन’ या संख्येतून येते. पण ‘दोन’ ही संख्या वस्तूत पडून राहिलेली नसते. हे एक, हे एक, असे मोजणारी बुद्धी असेल तरच ती उत्पन्न होते. सृष्टीच्या आरंभी मोजायला माणूस नव्हता. मग कुणी मोजले? ईश्वराने. हा परमाणुवाद आज कुणी मानत नाही, म्हणून युक्तिवादही गेला. पण याला ‘अनुभूतीवर विसंबणे’ कसे म्हणणार?

आता विरुद्ध बाजू. इथे आजच्या समजाची जास्तच अडचण होते, कारण ईश्वर खोडणारे सगळेच वेद नाकारणारे नव्हते. यज्ञसंस्थेचा कट्टर कैवारी कुमारिलभट्ट ‘श्लोकवार्त्तिका’त सृष्टिकर्त्याची उलटतपासणी घेतो. शरीर नसेल तर त्याने निर्मिती केली कशी? दयेपोटी जग निर्माण केले म्हणाल, तर तेव्हा दया करायला होते कोण? बौद्ध धर्मकीर्तीने नेम धरला तो घटाच्या दृष्टान्तावर: मातीचा घट कुंभार करतो म्हणून मातीचे वारूळही कुंभारानेच केले, असे म्हणायचे काय? घट पाहून कुंभार आठवतो, कारण तसा घट घडवताना आपण कुंभाराला पाहिलेले असते. नुसत्या ‘उत्पन्न होण्या’वरून नव्हे. पुढे विक्रमशिलेच्या रत्नकीर्तीने ईश्वरसाधनातील दोष दाखवणारा स्वतंत्र निबंधच लिहिला.

मग भाविक ज्यांचा दाखला देतो त्या रामानुजाचार्यांचे काय? ईश्वर शास्त्रानेच कळतो, असे ते म्हणतात. इथपर्यंत भाविकाचा दाखला बरोबर आहे. पण तो निष्कर्ष त्यांनी ‘श्रीभाष्या’त नैयायिकांचे अनुमान पायरीपायरीने तपासून काढला आहे. पर्वत आणि समुद्र एकाच वेळी, एकाच कर्त्याने केले, हे कशावरून? वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्यांनी केले नसतील कशावरून? एक घर बांधायला अनेक माणसे लागतात, मग जगाचा कर्ता एकच का, हा पाश्चात्त्य तत्त्वज्ञ ह्यूमचा आक्षेप १७७९ साली छापला गेला. म्हणजे तोच मुद्दा सहाशेहून अधिक वर्षांनी. आपल्याकडे तो महाविद्यालयात ह्यूमच्या नावाने शिकवतात.

माझ्या मते उदयनाचार्यांचे अनुमान टिकत नाही, आणि ते धर्मकीर्तीच्या वारुळापाशीच अडते. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता शरीरधारी आहे. शरीर अनावश्यक म्हणून गाळायचे आणि ज्ञान, इच्छा, प्रयत्न तेवढे ठेवायचे, ही निवड घट पाहून होत नाही. निष्कर्ष आधी ठरलेला असेल तरच होते. आत्मा स्वतःच्या देहाला हलवतो तेव्हा दुसरा देह लागत नाही, हे नैयायिकाचे उत्तर हुशारीचे आहे, पण तिथेही एक देह हजर असतोच. उदयनाचार्य हरले असे मी म्हणतो ते कुठे, हे मला असे बोट ठेवून दाखवता येते, आणि ज्याला पटत नाही त्याला तिथेच बोट ठेवून मला खोडता येते. ‘मानण्याचा विषय’ म्हटले की ही सोय दोघांचीही जाते.

बुद्धिवाद्यांना एक आठवण. ‘जडवाद’ लिहिणारे वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावापुढचे ‘तर्कतीर्थ’ हे बिरुद म्हणजे कलकत्त्याची न्यायशास्त्राची पदवी. ईश्वर नाकारण्याची हत्यारे त्यांना ईश्वर सिद्ध करणाऱ्यांच्या शाळेत मिळाली.

सगळी ‘कुसुमांजली’ वाचा असे म्हणणे जुलमाचे होईल. ती अवघड आहे. पण अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ छोटा आहे, आठल्ये आणि बोडस यांची त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईतच निघाली, आणि त्यावरच्या ‘दीपिका’ या टीकेत ईश्वराचे अनुमान मोजक्या ओळींत आहे. भाविकाने आणि बुद्धिवाद्याने तेवढ्या ओळी वाचून मग वादाला बसावे.