पडलेला उमेदवार : युजीन डेब्स
अध्यक्षपदासाठी पाच वेळा उभा राहून पाचही वेळा पडलेल्या माणसाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १८५५ साली जन्मलेला युजीन डेब्स चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेत लागला. पुढे फायरमन झाला. १८९४ साली पुलमन कंपनीने मजुरी कापली, मात्र कामगारांच्या घरांचे भाडे तेच ठेवले. डेब्सच्या संघटनेने पुलमनचे डबे गाड्यांना जोडण्याचे नाकारले. लष्कर आले, संप मोडला. मनाईहुकुमाच्या भंगाबद्दल डेब्सला सहा महिने कैद झाली.

दोन मोठे पक्ष सोडून तो समाजवादी पक्षातर्फे लढला. १९१८ साली युद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० साली तुरुंगातूनच त्याने नऊ लाखांवर मते मिळविली. १९२१ च्या डिसेंबरात तो सुटला. तुरुंगावरचे त्याचे पुस्तक १९२७ साली, मृत्यूनंतर वर्षाने, निघाले.

ती मते वाया गेली काय? त्याच्या पक्षाने १९१२ साली मागितलेले वृद्धांचे निवृत्तिवेतन १९३५ साली आणि बालमजुरीवरील बंदी १९३८ साली कायद्यात आली. कायदे करणारे मात्र दुसऱ्याच पक्षाचे होते. युनियनच्या कामातही हेच दिसते : पहिले मागणीपत्र बहुधा फेटाळलेच जाते. म्हणून ते लिहायचेच नाही काय?