कथेचे बीज आणि कथेचा धनी

कथेचे बीज कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. हरिश्चंद्राची कथा दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पडद्यावर आणली आणि तीच कथा प्रभात कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या नावाने बोलती केली. यास चोरी म्हणण्याचे कारणच नव्हते. ती कथा सर्वांचीच होती. देवलांच्या १८९३ सालच्या 'फाल्गुनराव' नाटकाचे मूळ मर्फी या आयरिश नाटककाराकडे आणि मर्फीचे मूळ फ्रान्सातील मोलियरकडे. पुढे त्याच नाटकाचे 'संशयकल्लोळ' झाले आणि आज ते आम्हांस अगदी घरचे वाटते. एका दिव्यावर दुसरा दिवा लावावा, तसा हा व्यवहार होता.

परंतु ज्याने स्वतःच्या डोक्यातून गोष्ट काढली आणि पोटासाठी ती निर्मात्यापुढे वाचून दाखविली, त्याची स्थिती निराळी आहे. वाचून न दाखवावी तर ती विकत कोण घेणार? आणि दाखविली तर ऐकणाऱ्याच्या कानांवर पहारा कोण ठेवणार? पटकथालेखकाची ही कोंडी सोडविण्याचा कायद्याने गेल्या पाऊणशे वर्षांत कसा प्रयत्न केला, हे पाहणे बोधप्रद आहे.

या कोंडीचे एक टोक इंग्लंडात १९३७ साली दिसून आले. स्टीव्ह डोनोह्यू या नामांकित घोडेस्वाराने आपल्या शर्यतींच्या आठवणी एका वार्ताहरास सांगितल्या. वार्ताहराने त्या आपल्या शब्दांत लिहून काढल्या. पुढे त्यांवरील हक्काचा वाद उपस्थित झाला, तेव्हा न्यायालयाने निर्णय दिला की, कल्पना व हकीकत घोडेस्वाराची असली तरी शब्दरूप देणारा वार्ताहर आहे, म्हणून स्वामित्वहक्क घोडेस्वाराचा नव्हे. सांगणारा रिकामा राहिला आणि लिहिणारा धनी झाला. कर्जत-खालापूरकडील एखाद्या ठाकुरवाडीचा विचार केला म्हणजे या न्यायाची धार कळते. ठाकर लोकांची गाणी नि कहाण्या तोंडोतोंडी चालत आलेल्या. त्यांवर कोणा एकाचे नाव नाही. आणि त्याच कर्जत परिसरात २००५ साली नितीन देसाई यांनी चित्रीकरणाची भव्य नगरी उभारली. एखाद्या म्हाताऱ्या ठाकराने शेकोटीशी सांगितलेली कहाणी कोणी शहरी लेखकाने टिपून घेतली, तर वरील न्यायाने त्या लेखावर नाव लागेल ते टिपणाऱ्याचे. आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. पण कायद्याचा कल तिकडेच आहे.

आपल्याकडील मुख्य खटला दिल्लीचा. आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५३ साली लिहिले आणि १९५४ च्या फेब्रुवारीत दिल्लीत त्याचे प्रयोग केले. शेजारी राहणारी एक पंजाबी व एक मद्रासी अशी दोन कुटुंबे, त्यांच्या मुलांचे प्रेम आणि आईबापांचा प्रांताभिमान, हा त्याचा विषय. चित्रपटदिग्दर्शक मोहन सेहगल यांनी नाटकाविषयी पृच्छा केली. १९५५ च्या जानेवारीत आनंद यांनी त्यांना सर्व नाटक वाचून दाखविले. पुढे बोलणे थंडावले आणि १९५६ च्या सप्टेंबरात सेहगल यांचा 'न्यू दिल्ली' चित्रपट झळकला. त्यातही प्रांताभिमान, त्यातही पंजाबी व मद्रासी कुटुंबे! आनंद यांनी दावा लावला. खालचे न्यायालय, मग उच्च न्यायालय, असे हरत हरत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १८ ऑगस्ट १९७८ रोजी तेथेही ते हरले. पहिल्या प्रयोगापासून चोवीस वर्षे लोटली होती.

न्यायमूर्ती फझल अली यांनी मांडलेले तत्त्व आजही प्रमाण मानले जाते. कल्पना, विषय, कथानक, पुराणातील वा इतिहासातील घटना यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. हक्क आहे तो मांडणीवर, घडणीवर, शब्दयोजनेवर. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य माणसास दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटले, तरच चोरी. चित्रपटात भाड्याने घर मिळण्यातील प्रांतभेद, हुंड्याची कुप्रथा असे निराळे विषय होते. म्हणून नक्कल ठरली नाही. याच पीठावरील न्यायमूर्ती पाठक यांनी मात्र, चित्रपटाच्या लेखकांवर नाटकाच्या कथानकाचा प्रभाव पडला असावा, असे नमूद करूनच संमती दिली. ही कुरकुर आम्हांस फार मोलाची वाटते. कायदा पुरा झाला तरी मनाचे समाधान झाले नव्हते.

मग वाचून दाखविणाऱ्याने काय करावे? उत्तर स्वामित्वहक्काच्या बाहेर सापडले. इंग्लंडच्या राजघराण्याने खाजगीत काढलेल्या चित्रांच्या जादा प्रती विंडसरच्या मुद्रकाकडील एका नोकराने काढल्या आणि त्या एका प्रकाशकाच्या हाती पडल्या. १८४९ साली न्यायालयाने त्यांचे प्रदर्शन तर रोखलेच, पण त्यांची नुसती सूचीही छापू दिली नाही. विश्वासाने दिलेले विश्वासानेच राहावे, हा तो न्याय. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली झी टेलिफिल्म्सविरुद्धच्या दाव्यात, एका संस्थेने लिहून दाखविलेल्या बाळकृष्णावरील मालिकेच्या आराखड्यास संरक्षण दिले. स्वामित्वहक्क रूपाचे रक्षण करतो, गुप्ततेचा न्याय आशयाचे, असा भेद तेथे स्पष्ट झाला.

तथापि हा दरवाजाही अरुंद आहे. डोंबिवलीवर बेतलेल्या 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाविरुद्ध एका लेखकाने, आपली नोंदविलेली संहिता वापरली गेली, अशी तक्रार केली. २०२१ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई नाकारली. जिवंत प्रेतांच्या कल्पनेची मक्तेदारी कोणास मिळत नाही. आणि गुप्त काय होते, ते वादीने नेमके बोट ठेवून दाखविले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला.

म्हणून मुंबईतील जाणते लेखक कथा सांगण्यापूर्वी तिचा विस्तार करतात. दोन ओळींची कल्पना घेऊन ते जात नाहीत. पात्रे, प्रसंगांचा क्रम, संवाद यांसह संहिता लिहितात, पटकथालेखक संघटनेकडे किंवा स्वामित्वहक्क कार्यालयात नोंदवितात आणि कोणास, कोणत्या दिवशी, कोणते पान पाठविले याचा लेखी पुरावा जपतात. नोंदणीवाचूनही हक्क उत्पन्न होतो, हे १९५७ च्या कायद्याने मान्य केले आहे. पण न्यायालयात तारखेचा वाद उठला म्हणजे नोंदीची चिठ्ठीच उपयोगी पडते. गुप्ततेच्या करारावर सही मागण्याचे धाडस नवख्यास सहसा होत नाही. ज्याच्या दारात तो उभा असतो, त्याच्याकडेच ती मागायची असते.